४३ सेकंदांचा अबोला

घरात दोघांचा अबोला धरला गेला, की स्वयंपाकघरात भांडी आदळू लागतात आणि शेजाऱ्यांनाही ते कळते. यंत्रांत भांडी आदळण्याची सोय नाही, आणि खरी पंचाईत तिथेच आहे. मराठी शिकवणाऱ्याने या भानगडीत का पडावे, असे कुणी म्हणेल. पण न बोललेल्याचा अर्थ लावणे हाच तर आमचा धंदा!

मोठ्या कारभाराच्या नोंदी सहसा एकाच यंत्रात ठेवत नाहीत. मूळ सर्व्हर लिहितो, आणि दूरचा दुसरा सर्व्हर तारेवरून ऐकून तीच ओळ आपल्या वहीत उतरवतो. आता समजा, दुसऱ्याला काहीच ऐकू येईना. मूळ सर्व्हरकडे सांगण्यासारखे काही नाही, की मधली तारच तुटली? वाचकहो, दोन्ही वेळा वाट्याला येते ती शांतताच! टीसीपी या बोलण्याच्या रीतीत मुक्या जोडणीची विचारपूस करण्याची सोय आहे. पण ती मागून घ्यावी लागते, आणि पहिली विचारपूस सहसा २ तासांनी होते.

म्हणून जाणत्यांनी खुशालीच्या कार्डाचा मार्ग काढला. मायएसक्यूएलच्या ठरीव मांडणीत मूळ सर्व्हर, काही घडले नाही तरी, दर ३० सेकंदांनी 'इकडील सर्व क्षेम' कळवतो. ६० सेकंद काहीच आले नाही, की दुसरा जोडणी तुटली असे धरून पुन्हा हाक मारतो. पूर्वी हीच मुदत ३,६०० सेकंदांची होती!

परंतु उतावळेपणाही महाग पडतो. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचे गिटहब नावाचे भांडार आहे. २१ ऑक्टोबर २०१८ रोजी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, बिघडत चाललेले एक उपकरण बदलताना त्याची जोडणी ४३ सेकंद तुटली. रखवालदार प्रोग्रॅमांनी मते मोजली, बहुमत झाले, आणि मूळपणाचा मान पश्चिम किनाऱ्याकडे गेला. पूर्वेच्या वहीत मात्र काही सेकंदांच्या अशा नोंदी राहिल्या, की ज्या पश्चिमेला पोचल्याच नव्हत्या. तार जुळली तेव्हा वह्या दोन, आणि दोन्ही खऱ्या!

पश्चिमेने तोवर अर्ध्या तासाहून अधिक काळ नव्या नोंदी घेतल्या होत्या. कारभाऱ्यांनी घाई सोडून नोंदी जपल्या, हे मला आवडले. सेवा मात्र २४ तास ११ मिनिटे लंगडत राहिली. अडकलेल्या नोंदी एका गजबजलेल्या समूहात ९५४ भरल्या. त्यांतल्या कोणत्या आपोआप जुळतील आणि कोणत्यांसाठी ग्राहकांनाच विचारावे लागेल, हे पाहण्याचे काम नंतरही चालूच होते.