ढिगाऱ्याखाली माणूस शोधायला रोबोट 'साप'. वाळूवर चालायला शिकला खऱ्या सापाकडून

इमारत कोसळली की ढिगाऱ्याखाली कोणी जिवंत आहे का, हे कळणंच अवघड. जेसीबी घाईने लावला तर खालच्या माणसावर ढिगारा खचण्याची भीती. अरुंद फटीत माणूस काय, कुत्राही शिरत नाही. अशा जागी जाण्यासाठी अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाने सापासारखा रोबोट बनवला आहे.

जाडी साधारण ५ सेंटिमीटर, लांबी सुमारे ३ फूट. अंगात १६ सांधे. एक आडवा वळतो, तर पुढचा उभा. तोंडाला कॅमेरा आणि दिवा.

वाळूच्या चढावर मात्र असा रोबोट घसरायचा. मग शास्त्रज्ञांनी तिकडच्या वाळवंटातल्या साइडवाइंडर सापाचा अभ्यास केला. आपल्याकडचं फुरसं जसं तिरकं सरकतं, तशीच त्याची चाल. चढ वाढला की हा साप अंगाचा जास्त भाग वाळूला टेकवतो, त्यामुळे खालची वाळू ढासळत नाही. रोबोटला तेच शिकवलं आणि तो चढ चढू लागला. हा अभ्यास २०१४ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात छापून आला.

सप्टेंबर २०१७ मध्ये मेक्सिकोत भूकंप झाला. तेव्हा विद्यापीठाचा हा साप मेक्सिको सिटीतल्या एका पडलेल्या इमारतीत सोडला. आतलं चित्र पथकाला बाहेर दिसलं, पण जिवंत कोणी सापडलं नाही. तरीही कुठे माणूस नाही हे लवकर कळलं, तर तोच वेळ दुसऱ्या ढिगाऱ्याला देता येतो. अडकलेल्यासाठी तासन् तास नाही, मिनिटं मोलाची असतात.