फ्रेंच क्रियापदांचा वर्तमानकाळ : लेखी रूपे आणि श्राव्य रूपे

मुंबई विद्यापीठाच्या सांताक्रूझ येथील विद्यानगरीत मराठी आणि फ्रेंच हे दोन्ही विषय पदव्युत्तर स्तरावर शिकविले जातात. तथापि फ्रेंचचे व्याकरण मराठी विद्यार्थ्याच्या हाती येते ते बहुधा इंग्रजीच्या द्वारे, आणि त्यातही एका छापील कोष्टकाच्या रूपाने. तीन पुरुष, दोन वचने, मिळून सहा रूपे. संस्कृतची धातुरूपे जशी घोकावयाची तशीच हीही घोकावयाची, असा परिपाठ पडून गेलेला आहे. या परिपाठाने लेखी परीक्षा साधते. परंतु तोच विद्यार्थी बोललेले फ्रेंच ऐकू लागला म्हणजे पाठ केलेल्या सहा रूपांपैकी निम्मी रूपे त्याच्या कानाला भेटतच नाहीत. ही उणीव विद्यार्थ्याच्या अभ्यासाची नसून कोष्टकाच्या मांडणीची आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचनाच्या सोयीसाठी येथे सर्व फ्रेंच रूपे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. जेथे लेखनाचा प्रश्न येतो तेथे रोमन अक्षरांची नावे सांगितली आहेत. ‘झ’चा उच्चार ‘सांताक्रूझ’ या शब्दातील अंत्य वर्णासारखा समजावा. ‘ज’ हा तालव्य, परंतु मराठी ‘ज’हून अधिक घर्षक आहे. ‘त्यू’मधील स्वर मराठीत नाही, तो ओठांचा चंबू करून उच्चारलेल्या ‘ई’सारखा असतो.

फ्रेंच क्रियापदांपैकी सुमारे नव्वद टक्के क्रियापदे ज्या पहिल्या वर्गात मोडतात, त्यांच्या मूळ रूपाच्या अखेरीस ई-आर् ही अक्षरे असतात. ‘बोलणे’ या अर्थाचे ‘पार्ले’ हे त्यांचे नेहमीचे उदाहरण होय. त्याचा वर्तमानकाळ असा :

ज पार्ल् (मी बोलतो)
त्यू पार्ल् (तू बोलतोस)
ईल् पार्ल् (तो बोलतो)
नू पार्लों (आम्ही बोलतो)
वू पार्ले (तुम्ही बोलता)
ईल् पार्ल् (ते बोलतात)

लेखनात या रूपांना अनुक्रमे ई, ई-एस्, ई, ओ-एन्-एस्, ई-झेड, ई-एन्-टी असे शेवट लागतात. म्हणजे डोळ्यांना पाच निरनिराळी रूपे दिसतात. कानाला मात्र तीनच ऐकू येतात : पार्ल्, पार्लों आणि पार्ले. त्यातही आजच्या बोलीत ‘आम्ही’ या अर्थी ‘नू’ऐवजी ‘ओं’ हे सर्वनाम सर्रास योजले जाते आणि त्यासोबत ‘पार्ल्’ हेच रूप येते. तेव्हा व्यवहारात उरतात ती केवळ दोन रूपे. ‘पार्ले’ हे रूप सांताक्रूझच्या विद्यार्थ्याला विसरणे कठीणच, कारण लोहमार्गावरील उत्तरेकडचे पुढचेच स्थानक ते आहे. अर्थात हा निव्वळ योगायोग होय. मात्र ‘बोलणे’, ‘तुम्ही बोलता’ आणि ‘बोललेले’ हे तिन्ही अर्थ वेगवेगळ्या लेखनांनी पण याच एका उच्चाराने व्यक्त होतात, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

एका रूपाने अनेक पुरुषांचे काम भागविणे हे मराठी विद्यार्थ्याला वस्तुतः अपरिचित नाही. दामल्यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ (१९११) या ग्रंथात ज्याला प्रथम ताख्यात म्हटले आहे, त्यातील ‘बोलतो’ हे रूप पाहावे. ‘मी बोलतो’, ‘तो बोलतो’, ‘आम्ही बोलतो’ अशा तीन ठिकाणी ते चालते. परंतु दोन भाषांत दोन महत्त्वाचे भेद आहेत. पहिला असा, की मराठी क्रियापद एकवचनात लिंग दाखविते. ‘बोलतो’ आणि ‘बोलते’ असा भेद फ्रेंच वर्तमानकाळात मुळीच नाही. दुसरा भेद अधिक मोलाचा आहे. मराठीत तृतीयपुरुषाचे वचन क्रियापदावरून निश्चित कळते. ‘बोलतो’ आणि ‘बोलतात’ यांत गल्लत होत नाही. फ्रेंचमध्ये पहिल्या वर्गापुरता नेमका हाच भेद कानाआड होतो. ‘तो बोलतो’ आणि ‘ते बोलतात’ या दोहोंसाठी ‘ईल् पार्ल्’ एवढेच ऐकू येते. संदर्भानेच काय तो निर्णय करावा लागतो. म्हणून मराठीत ‘बोलतोस का?’ असे कर्त्यावाचून सहज विचारता येते, तसे फ्रेंचमध्ये विचारता येत नाही. तेथे पुरुषाचा भार क्रियापदावरून उतरून सर्वनामावर गेलेला आहे. मराठी विद्यार्थी सर्वनाम गाळतो, ती चूक हलगर्जीपणाची नसते. मातृभाषेच्या सवयीची असते.

क्रियापदाचा आरंभ स्वराने होत असेल तर मात्र वचनभेद पुन्हा कानी पडतो. ‘एमे’ म्हणजे प्रेम करणे, आवडणे. ‘त्याला आवडते’ हे ‘ईल् एम्’, तर ‘त्यांना आवडते’ हे ‘ईल् झेम्’. अनेकवचनी सर्वनामाच्या अखेरीचा एरवी मुका असलेला एस् येथे ‘झ’ होऊन पुढील स्वराला मिळतो. ‘लिएझों’ या नावाने ओळखला जाणारा हा व्यापार म्हणजे एक प्रकारचा संधीच होय.

आता इतर दोन वर्ग पाहू. आय्-आर् अंताच्या दुसऱ्या वर्गाचे उदाहरण ‘फिनीर्’ (संपविणे) आणि आर्-ई अंताच्या वर्गाचे उदाहरण ‘वाँद्र्’ (विकणे) :

एकवचनात तिन्ही पुरुषी : फिनी, वाँ
प्रथमपुरुष अनेकवचन : फिनिसों, वाँदों
द्वितीयपुरुष अनेकवचन : फिनिसे, वाँदे
तृतीयपुरुष अनेकवचन : फिनिस्, वाँद्

येथेही लेखनात पाच रूपे आहेत आणि श्रवणात चार. प्रचलित पुस्तके मूळ रूपापासून निघून एकवचन आधी सिद्ध करतात. त्यामुळे अनेकवचनात ‘स’ किंवा ‘द’ कोठून आला हे स्वतंत्रपणे सांगावे लागते. क्रम उलटा केला तर हा खटाटोप वाचतो. तृतीयपुरुषी अनेकवचन हेच अंग मानावे : पार्ल्, फिनिस्, वाँद्. त्याला ‘ओं’ आणि ‘ए’ हे दोन प्रत्यय जोडले की अनेकवचनाची उरलेली रूपे मिळतात. एकवचनासाठी पहिल्या वर्गात काहीच करावयाचे नाही. इतर वर्गांत अंत्य व्यंजनाचा लोप करावयाचा. एवढ्या एका नियमात तिन्ही वर्ग येतात. ब्लूमफील्ड या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९३३ साली फ्रेंच विशेषणांच्या बाबतीत हीच दिशा दाखविली होती : स्त्रीलिंगी रूप मूळ मानावे आणि अंत्य व्यंजन गाळून पुल्लिंगी रूप साधावे.

या नियमाचा खरा लाभ पुढे दिसतो. फ्रान्समधील परंपरागत व्याकरणात ‘वाँद्र्’सारखी क्रियापदे तिसऱ्या, म्हणजे संकीर्ण, वर्गात घालतात, इंग्रजीतून लिहिलेली अनेक पुस्तके मात्र त्यांना नियमित म्हणतात. हा वाद कानाच्या कसोटीवर बव्हंशी मिटतो. ‘ईल् दॉर्म्’ (ते झोपतात) यावरून ‘ईल् दॉर्’, ‘एक्रीव्’ (लिहितात) यावरून ‘एक्री’, ‘लीझ्’ (वाचतात) यावरून ‘ली’, ‘मेत्’ (ठेवतात) यावरून ‘मे’ : अनियमितांच्या यादीत पाठ करावी लागणारी ही क्रियापदे व्यंजनलोपाच्या त्याच नियमाने चालतात. ‘वनीर्’ (येणे), ‘प्राँद्र्’ (घेणे) अशा काहींत स्वरही बदलतो, आणि असणे, जवळ असणे, जाणे, करणे व सांगणे या अर्थांची क्रियापदे खरोखरच स्वतंत्र आहेत. परंतु अनियमितांची यादी पुष्कळच आखूड होते. उलट, ‘मांजे’ (खाणे) या क्रियापदाच्या ‘मांजों’ या रूपात लिहिताना एक जादा ई घालावी लागते, म्हणून पुस्तके त्याची वेगळी नोंद करतात. उच्चारात तेथे काहीही वेगळे घडत नाही. ‘ज’ हा ध्वनी ‘ज’ राहावा एवढ्यासाठीच लेखनाने ती तडजोड केलेली आहे. देवनागरीत लिहिले की ही अडचण नाहीशी होते.

‘फिनिसों’मधील ‘स’ची कुळकथा संस्कृतच्या अभ्यासकाला विशेष उद्बोधक वाटेल. लॅटिनमध्ये आरंभ किंवा क्रमशः घडणे दर्शविणारा ‘स्क’ हा प्रत्यय होता. फ्रेंचच्या दुसऱ्या वर्गातील ‘स’ हा त्याचाच वंशज होय. तुलनात्मक भाषाशास्त्राप्रमाणे संस्कृत ‘गच्छति’, ‘पृच्छति’ यांतील ‘च्छ’ याच मूळ भारोपीय प्रत्ययापासून आलेला आहे. पाणिनी ‘गम्’च्या बाबतीत त्याची व्यवस्था आदेशाने लावतो, एवढाच दृष्टिभेद. साम्य येथेच थांबत नाही. संस्कृतात हा ‘च्छ’ ‘गच्छति’, ‘अगच्छत्’ येथे येतो, ‘गमिष्यति’ आणि ‘गत’ येथे येत नाही. फ्रेंचमध्येही ‘स’ वर्तमान आणि अपूर्ण भूतकाळात येतो; भविष्यकाळात आणि भूतकालवाचक धातुसाधितात येत नाही. ‘पृच्छति’पासून मराठी ‘पुसणे’ आले. तेव्हा ‘पुसतो’मधील ‘स’ आणि ‘फिनिसों’मधील ‘स’ हे दूरचे भाऊबंद ठरतात. जुन्या फ्रेंचमध्ये एकवचनातही हा ‘स’ होता. पुढे तो झिजला. वर सांगितलेला लोपाचा नियम म्हणजे केवळ शिकविण्याची युक्ती नव्हे. भाषेच्या इतिहासातही तो घडून गेलेला आहे.

अनेकवचनातील मुक्या एन्-टीचीही गोष्ट अशीच आहे. लॅटिनमधील ‘न्त्’ आणि संस्कृतातील ‘वदन्ति’मधील ‘न्ति’ हे सगोत्र प्रत्यय. मराठीत त्यातील अनुनासिक गेले आणि ‘त’ टिकला. ‘आहे’ व ‘आहेत’ यांतील भेद आज त्या ‘त’वरच उभा आहे. फ्रेंचने दोन्ही अक्षरे कागदावर जपली आणि उच्चारातून दोन्ही घालविली, ‘फिनिस्-तील्?’ (ते संपवितात का?) अशा प्रश्नार्थक रचनेतच तेवढा ‘त’ जागा होतो. मराठीच्या या ध्वनिपरिवर्तनांचा पहिला सविस्तर मागोवा एका फ्रेंच पंडितानेच घेतला, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही. ज्यूल ब्लॉक यांचा मराठीच्या घडणीवरील ग्रंथ १९२० साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला, वा. गो. परांजपे यांनी केलेला त्याचा अनुवाद ‘मराठी भाषेचा विकास’ या नावाने १९४१ साली निघाला.

या विवेचनाचे तात्पर्य लेखन टाकून द्यावे असे नाही. वाचनासाठी आणि परीक्षेसाठी लेखी कोष्टक आवश्यकच आहे. शिवाय मुक्या अक्षरांत संधीची बीजे आणि भाषेचा इतिहास सुरक्षित राहिलेला आहे. प्रश्न क्रमाचा आहे. तृतीयपुरुषी अनेकवचन आधी कानाने ओळखावे, त्यावरून उरलेली रूपे बोलून साधावी, ती एकदा देवनागरीत लिहून पाहावी, आणि मगच रोमन लेखनाकडे वळावे. ‘फिनी’ आणि ‘फिनिस्’ यांतील एका व्यंजनाचे अंतर ज्याच्या कानाने टिपले, त्याला ‘तो’ आणि ‘ते’ यांतील भेद पुस्तक मिटल्यावरही कळत राहील.