केमिस्ट्री की मटेरियल सायन्स? एका बॅटरीच्या पदार्थाची गोष्ट

एमएस्सी केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षात एक प्रश्न हमखास येतो: "मटेरियल सायन्समध्ये पीएचडी केली तर चालेल का? सॉलिड स्टेटचा तर आम्हाला एकच पेपर होता." फिजिक्सवाल्यांचा प्रश्न याच्या उलटा: "मला सिंथेसिस येत नाही, मला कोण घेईल?" प्रवेशाच्या जाहिरातींत 'आंतरविद्याशाखीय' हा शब्द सगळीकडे असतो, पण म्हणजे नेमकं करायचं काय, हे त्यात नसतं. म्हणून आज एक खरा पदार्थ घेऊ आणि त्याच्यावरचा प्रश्न एका विषयातून दुसऱ्यात कसा जातो ते बघू.

पदार्थ आहे लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजेच एलएफपी. आज बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटरीत हाच असतो. १९९७ साली ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठातून अक्षय पाधी, नंजुंदस्वामी आणि जॉन गुडइनफ यांनी त्यावरचा पेपर प्रसिद्ध केला. लोह स्वस्त, भरपूर आणि कोबाल्टपेक्षा कमी विषारी. पण साध्या ऑक्साइडमध्ये लोहाचा हा बदल एवढा व्होल्टेज देत नाही. इथे तो लिथियमच्या तुलनेत सुमारे ३.४ व्होल्ट मिळाला. का? फॉस्फरस आणि ऑक्सिजनचा बंध घट्ट असतो. तो ऑक्सिजनचे इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतो, त्यामुळे लोह-ऑक्सिजन बंध सैल पडतो आणि व्होल्टेज वाढतो. बीएस्सीला ऑरगॅनिकमध्ये घोकलेला इंडक्टिव्ह इफेक्ट तो हाच. इथवर सगळी केमिस्ट्री.

आता अडचण बघा. हिशोबाने एलएफपीच्या एका ग्रॅममधून १७० मिलिअँपिअर-तास मिळायला हवेत. पहिल्या पेपरात, अगदी हळू चार्ज करूनसुद्धा, सुमारे ६० टक्केच लिथियम बाहेर काढता आलं. समीकरण बरोबर, पदार्थ शुद्ध, तरी ४० टक्के आत अडकलेलं! हा प्रश्न नुसत्या समीकरणाने सुटत नाही. लिथियम बाहेर पडतं कुठल्या वाटेने आणि इलेक्ट्रॉन जातो कसा, हे विचारावं लागतं. इथे मटेरियल सायन्स सुरू होतं.

पहिली गोष्ट इलेक्ट्रॉनची. या पदार्थाची विद्युतवाहकता सीमेन्स प्रति सेंटिमीटरमध्ये १०⁻⁹ च्या आसपास, म्हणजे जवळजवळ विद्युतरोधकच. दुसरी गोष्ट लिथियमची. स्फटिकात त्याला जायला मुख्यतः एकाच दिशेचे बोगदे आहेत. आधी गणिती मॉडेलने हे सुचवलं आणि २००८ मध्ये न्यूट्रॉन विवर्तनाने ते प्रत्यक्ष दिसलं. बोगद्यात लिथियमच्या जागी चुकून लोहाचा अणू बसला, की एकेरी गल्लीत ट्रक बंद पडल्यासारखी वाट अडते. कमी तापमानाला हायड्रोथर्मल पद्धतीने बनवलेल्या नमुन्यांत ही अदलाबदल जास्त दिसते. म्हणजे सिंथेसिस करणाऱ्याने निवडलेलं तापमान थेट बॅटरीच्या आकड्यात उतरतं.

उपाय काय निघाला? १९९९ च्या सुमारास मिशेल आर्मां आणि त्यांच्या माँट्रियलमधल्या सहकाऱ्यांनी कणांवर कार्बनचा पातळ लेप दिला. साखरेसारखा सेंद्रिय पदार्थ मिसळून निष्क्रिय वायूत तापवला तरी असा लेप मिळतो. कण लहान ठेवले, तर लिथियमचा प्रवासही आखूड होतो. पण फुकट काही मिळत नाही. कण फार बारीक आणि कार्बन जास्त झाला, तर तेवढ्याच डब्यात पदार्थ कमी बसतो. हा हिशोब इंजिनिअरचा.

या गोष्टीतला आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा भाग पुढे आहे. २००२ मध्ये एमआयटीच्या गटाने सांगितलं, की झिर्कोनियम, निओबियम असे धातू थोडे मिसळले तर एलएफपीची वाहकता सुमारे १० कोटी पट वाढते. मोठीच बातमी. २००४ मध्ये कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या लिंडा नाझर यांच्या गटाने वेगळं उत्तर मांडलं. त्यांचं म्हणणं असं, की उच्च तापमानाला कार्बनमुळे कणांच्या सीमांवर लोह फॉस्फाइडचं नॅनो आकाराचं जाळं तयार होतं आणि वीज त्यातून वाहते. यावर बराच वाद झाला. वाहकता वाढली, हे दोघांनाही मान्य. ती कशामुळे वाढली, हा प्रश्न. वाहकता मोजणाऱ्या यंत्राला याचं उत्तर देता येत नाही. त्यासाठी भट्टीत काय घडलं ती केमिस्ट्री आणि कणांच्या सीमेवर काय आहे ती मायक्रोस्कोपी, दोन्ही लागतात.

माझ्या मते आंतरविद्याशाखीय संशोधनाचा अर्थ इथेच आहे. दोन विषय अर्धे-अर्धे येणं म्हणजे ते नव्हे. एक विषय नीट यायलाच हवा, आणि आपला निष्कर्ष शेजारच्या विषयातल्या कुठल्या मोजमापाने खोटा ठरू शकतो, एवढं कळायला हवं. गुडइनफ यांचंच बघा. डॉक्टरेट फिजिक्समध्ये, ऑक्सफर्डमध्ये इनऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेचे प्रमुख, टेक्सासमध्ये इंजिनिअरिंगचे प्राध्यापक, आणि २०१९ मध्ये वयाच्या ९७ व्या वर्षी नोबेल मिळालं ते केमिस्ट्रीचं.

तेव्हा गाइड किंवा लॅब निवडताना हे चार प्रश्न जरूर विचारा:

१. नमुना कोण बनवणार आणि मोजमाप कोण करणार? दोन्हीकडे मला स्वतः बसायला मिळेल का? नुसता नमुना पाठवून पीडीएफमध्ये ग्राफ परत येणार असेल, तर तुम्ही शिकणार काय?

२. एक्सआरडीच्या डेटाचं रिटवेल्ड विश्लेषण लॅबमध्ये कुणाला येतं? नुसते पीक जुळवून जागांची अदलाबदल कळत नाही.

३. दुसऱ्या विषयातला को-गाइड फक्त कागदावर आहे की महिन्यातून एकदा तरी भेटतो?

४. पदवीवर विषय कोणता लिहिला जाणार? हे विचारायला संकोच वाटतो, पण पुढे प्राध्यापकपदाच्या जाहिरातीत विषय बघितला जातो. पाच वर्षांनंतर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

आणि मुलाखतीला जाण्याआधी एक सराव करा. तुमच्या एमएस्सी प्रोजेक्टचा सगळ्यात आवडता ग्राफ घ्या आणि खाली एकच वाक्य लिहा: 'हा परिणाम माझ्या पदार्थामुळे नसून दुसऱ्याच कशामुळे असेल, तर ते मला कुठल्या प्रयोगातून कळेल?' तो प्रयोग तुमच्या विषयाबाहेरचा निघाला, तर घाबरू नका. तुमची पीएचडी कदाचित तिथूनच सुरू होईल.