रबराच्या रोपांबरोबर गेलेला गेंडा भुंगा

माडाची नवी झावळी उलगडली आणि तिची पाती दोन्ही अंगांनी कात्रीने कातरल्यासारखी दिसली, की कोकणातला बागायतदार वर न चढताच सांगतो, ‘गेंडा लागला.’ शहरातल्या वाचकांनी हा प्राणी बहुधा पाहिलेला नसतो, म्हणून ओळखीचे दोन शब्द. काळा, चकचकीत, दीड-दोन इंच लांबीचा हा भुंगा. डोक्यावर मागे वळलेले शिंग, नराचे मोठे, मादीचे लहान. त्यावरून नाव पडले. दिवसा तो दडून राहतो, रात्री उडतो, माडाच्या शेंड्यात शिरतो आणि अजून न उलगडलेला कोंब पोखरून त्यातला रस पितो. माडाला दुसरा शेंडा फुटत नाही. वाढीचा गाभाच कुरतडला गेला तर झाड गेलेच म्हणून समजावे. गाभा वाचला, तरी त्या जखमेच्या वासाने सोंड्या भुंगा येतो आणि उरलेले काम तो करतो.

पण या भुंग्याचे दोन बिऱ्हाडे असतात, हे ध्यानात घेतल्यावाचून त्याचा बंदोबस्त कळत नाही. जेवण माडावर, पाळणा उकिरड्यात. मादी माडावर अंडी घालीत नाही. ती घालते शेणखताच्या खड्ड्यात, पडून कुजलेल्या माडाच्या खोडात, लाकडाच्या भुशात, पालापाचोळ्याच्या ढिगात. पांढरी, कोयरीसारखी वाकलेली अळी तिथेच काही महिने पोसते, तिथेच कोश करते आणि भुंगा होऊन बाहेर पडते. माडावर औषध मारीत बसावे आणि खाली खड्ड्यात कारखाना तिन्ही पाळ्या चालू असावा, असा प्रकार आम्ही पुष्कळ वाड्यांत पाहिला आहे.

दक्षिण आशियात आणि आग्नेय आशियात हा भुंगा मूळचाच. आपल्या माडांना त्याची आणि त्याच्या शत्रूंना त्याची सवय आहे. उपद्रव होतो, पण बागा टिकतात. तो परमुलखात गेला तेव्हा काय झाले, ती हकीकत खरी ऐकण्यासारखी आहे.

प्रशांत महासागरातल्या सामोआ बेटांवर माड होते, गेंडा नव्हता. पश्चिम सामोआ १९०० पासून जर्मनांच्या ताब्यात होते. जगात मोटारी वाढत होत्या, रबराचा भाव चढत होता, आणि तिथल्या मळ्यांसाठी सिलोनहून, म्हणजे आजच्या श्रीलंकेतून, रबराची रोपे आगबोटीने आणली गेली. १९०९ साली त्या रोपांबरोबर गेंडा भुंगा सामोआत उतरला. रबराचे झाड तो खात नाही. तरी रबराच्या रोपांबरोबर आला, यातच सगळी गोम आहे. तपासणाऱ्याने पानांवर कीड शोधली असती तर पाने निर्मळच दिसली असती. रोपाची कीड रोपावरच असते, ही समजूत आजही पुष्कळांचा घात करते. पाहायचे असते ते मुळांभोवतीच्या मातीत, कुंडीतल्या खतात आणि बांधणीच्या पाचोळ्यात.

रबर मागवले मळेवाल्यांनी. पण माड गावकऱ्यांचेही होते. खाणे, छप्पर, आणि खोबरे विकून हाती येणारा पैसा, सारे त्या एका झाडावर. भुंगा आवरेना तेव्हा जर्मन अमलात, आणि १९१४ नंतर न्यूझीलंडच्या अमलात, लोकांना भुंगे आणि अळ्या शोधून गोळा करण्याची सक्ती झाली. आमचे आयुष्य कामगारांत गेले, त्यामुळे कोणताही हिशेब पुढे आला की आमची नजर आधी मजुरीच्या रकान्याकडे जाते. या हिशेबात तो रकाना कोरा आहे. रोपे कुणाची, नफा कुणाचा आणि वेठ कुणाची!

सामोआतून आणि आणखी वाटांनी कीड पसरत गेली. पलाऊ बेटांवर ती १९४२ मध्ये, युद्धाच्या धामधुमीत पोचली आणि दहाएक वर्षांत तिथले निम्मे माड गेले. फिजीत १९५३ साली सापडली. टोंगा राज्यातल्या निउआटोपुटापू या लहानशा बेटावरून मात्र १९३० पर्यंत तिचे उच्चाटन झाले. बेट लहान, कीड नुकती आलेली आणि शोध चिकाटीचा, असा तिहेरी योग तिथे होता. तो फार ठिकाणी जुळत नाही.

पुढे शास्त्राने मोठा हात दिला. १९६३ साली अलॉइस ह्युगर या जर्मन शास्त्रज्ञाला मलायातल्या अळ्यांत एक विषाणूचा रोग आढळला. रोगी भुंगा लगेच मरत नाही. उडतो, दुसऱ्यांत मिसळतो, रोग वाटत फिरतो, पण खातो कमी आणि अंडी घालतो कमी. १९६७ मध्ये हा विषाणू सामोआत सोडला गेला आणि भुंग्यांची संख्या खूपच घटली. पाठोपाठ इतर बेटांनीही तो नेला. प्रश्न सुटला, असे पुष्कळांना वाटले.

२००७ साली गुआम बेटावर गेंडा सापडला, आणि तिथे तो विषाणू त्याला बाधेना. भुंग्याची ती जातकुळीच वेगळी निघाली. २०१३ च्या डिसेंबरात हवाईतल्या ओआहू बेटावर, पर्ल हार्बरच्या लष्करी तळावर तो दिसला. तिथे त्याचे पाळणे म्हणजे घरोघरच्या बागांतले खताचे ढीग आणि छाटलेल्या फांद्यांचा भुसा. २०२२ मध्ये ओआहूवरून इतर बेटांवर खत, भुसा आणि ताडवर्गातली मोठी झाडे नेण्यावर निर्बंध घातले गेले. तरी २०२३ मध्ये तो कावाईवर आणि हवाईच्या मोठ्या बेटावर सापडलाच.

आपल्याकडे नाशकारक कीड व रोगांविषयीचा कायदा १९१४ सालचा आहे, आणि त्याखालच्या २००३ च्या आदेशाने परदेशी रोपांबरोबर माती आणायला मनाई आहे. नियम चांगला आहे. पण गोणी उघडून मूळ झटकायला माणूस लागतो, उजेड लागतो आणि वेळ लागतो. गाडी तासाभरात रिकामी करा म्हणून वरून तगादा असेल, तर तपासणी होते ती फक्त कागदाची. ज्या हमालाला पांढरी अळी ओळखता येते आणि ती दाखवल्याबद्दल ज्याचा रोज कापला जात नाही, तो हमाल या कामी शंभर शिक्क्यांना भारी आहे. धुरी देण्याच्या कामाबद्दलही बोलले पाहिजे. त्यासाठी वापरतात तो मिथाइल ब्रोमाइड हा वायू माणसालाही विषारी, आणि त्याला वासही जवळजवळ नाही. मुखवटा आणि वायू मोजण्याचे यंत्र न देता मजुराला त्या कामाला लावणे हा गुन्हा आहे, मग भुंगे कितीही मरोत.

देशातल्या देशात मात्र कुंड्यांनी भरलेला ट्रक एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जातो तेव्हा सहसा कुणी काही पाहत नाही. तिथे गिऱ्हाइकानेच डोळे उघडे ठेवावेत. रोपवाटिकेतून रोप घेताना खताचा ढीग कुठे आहे, किती दिवसांचा आहे, हे विचारायला लाजू नये. मोठ्या कुंडीतली माती बोटांनी उकरून पाहावी. घरचा खतखड्डा दर दोन-तीन महिन्यांनी उपसून उलटापालटा करावा; कोंबड्या असतील तर त्यांना तिथे सोडावे, त्या अळ्या आनंदाने टिपतात. मेटारायझियम नावाची हिरवी बुरशी मिळते, ती खड्ड्यात मिसळली तर अळ्यांना रोग होतो. पडलेला माड तसाच कुजत ठेवू नये. लहान माडांच्या शेंड्याजवळच्या पानांच्या बेचक्यांत तीन-चार डांबरगोळ्या वाळूखाली ठेवतात, आणि भोक दिसले तर लोखंडी आकड्याने भुंगा ओढून काढतात.

एक खबरदारी घ्यावी. खतातली प्रत्येक पांढरी अळी गेंड्याची नसते; फूलभुंग्यांच्या अळ्याही तिथेच असतात आणि त्या खत चांगले कुजवतात. अळी सपाट फरशीवर ठेवावी. ती उताणी होऊन पाठीवर सरकत चालू लागली, तर ती फूलभुंग्याची आहे. तिला परत खड्ड्यात टाकावे.