बंदराची नगरी, विद्येची पेठ

अरबी समुद्रावरील एक उत्तम नैसर्गिक बंदर म्हणून मुंबईचा उत्कर्ष झाला. या बंदरातून कापूस परदेशी गेला आणि यंत्रे देशात आली. पुढे गिरण्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्यापाठोपाठ कोकणातून व घाटावरून हजारो कुटुंबे येथे पोटासाठी आली. परंतु बंदराच्या या नगरीत केवळ मालाचीच नव्हे, तर विद्येचीही पेठ वसली, हे अनेकदा नजरेआड होते. आज खेड्यातील मुलगा वा मुलगी उच्च शिक्षणासाठी मुंबईची वाट धरते, तेव्हा या पेठेची घडण कशी झाली आणि तेथे विद्यार्थ्यापुढे कोणत्या अडचणी उभ्या राहतात, हे त्याच्या गावातील शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी जाणून घेणे अगत्याचे आहे.

परीक्षा घेणारे विद्यापीठ

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ रोजी झाली. त्याच वर्षी कलकत्ता व मद्रास येथेही विद्यापीठे स्थापन झाली. १८५४ च्या वुड यांच्या शैक्षणिक खलित्याचे हे फळ होय. आरंभी विद्यापीठाचे काम परीक्षा घेणे व पदव्या देणे एवढ्यापुरतेच मर्यादित होते. प्रत्यक्ष अध्यापन महाविद्यालये करीत. एल्फिन्स्टन महाविद्यालय, १८४५ मध्ये सुरू झालेले ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय व १८५५ मधील शासकीय विधी शाळा या संस्था विद्यापीठापूर्वीच्या आहेत. १८६२ मध्ये पदवी मिळविणाऱ्या पहिल्या चौघांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा समावेश होता.

कापसाच्या व्यापारात मिळविलेल्या पैशातील काही भाग विद्येकडे वळला. प्रेमचंद रायचंद यांनी ग्रंथालय व मनोरा यांसाठी प्रत्येकी दोन लाख रुपयांची देणगी दिली. १८७८ मध्ये पूर्ण झालेल्या या मनोऱ्याला त्यांच्या मातोश्रींचे, राजाबाईंचे, नाव देण्यात आले.

नगरीच्या गरजा आणि संस्था

शहराच्या गरजा जशा बदलल्या, तशा संस्थाही वाढल्या. गिरण्यांना तंत्रज्ञ हवे होते. त्यासाठी १८८७ मध्ये स्थापन झालेली व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्था पुढे माटुंग्यास आली. १९९७ पासून ती वीरमाता जिजाबाई यांच्या नावाने ओळखली जाते. व्यापारी पेढ्यांना हिशेबशास्त्र व बँकव्यवहार जाणणारी माणसे हवी होती. १९१३ मध्ये सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालय निघाले. १९३३ मध्ये रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग, १९३६ मध्ये समाजकार्याचे शिक्षण देणारी टाटा संस्था, १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था व १९५८ मध्ये पवई येथील भारतीय तंत्रविज्ञान संस्था अशी ही मालिका वाढत गेली.

खुद्द बंदरानेही शाळा चालविली. व्यापारी जहाजांवरील अधिकारी तयार करण्यासाठी १९२७ पासून 'डफरिन' हे प्रशिक्षण जहाज मुंबई बंदरात उभे होते. १९७२ मध्ये त्याची जागा 'राजेंद्र' या जहाजाने घेतली. १९९३ मध्ये हे शिक्षण नवी मुंबईतील 'चाणक्य' या किनाऱ्यावरील संस्थेत हलविण्यात आले.

महर्षी कर्वे यांनी १९१६ मध्ये पुण्यात सुरू केलेले महिला विद्यापीठ १९३६ मध्ये मुंबईस आले. विठ्ठलदास ठाकरसी यांच्या पंधरा लाख रुपयांच्या देणगीमुळे ते त्यांच्या मातोश्री श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांच्या नावाने प्रसिद्ध आहे. फाळणीनंतर कराचीहून आलेल्या प्राध्यापकांनी १९४८ मध्ये जयहिंद महाविद्यालय सुरू केले. एका बंदरातून विस्थापित झालेली विद्या दुसऱ्या बंदरात रुजली, असे म्हणता येईल.

नोकरी करून शिकणारा विद्यार्थी

मुंबईच्या विद्यार्थिजीवनाचा विशेष म्हणजे येथे शिक्षण आणि कष्ट ही बरोबरीने चालत आली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९०७ मध्ये मॅट्रिक झाले, ते परळच्या चाळीतील एका खोलीत अभ्यास करून. एल्फिन्स्टन महाविद्यालयातील त्यांचे शिक्षण बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दिलेल्या दरमहा पंचवीस रुपयांच्या शिष्यवृत्तीमुळे पार पडले. गरीब विद्यार्थ्याच्या अडचणी त्यांनी स्वतः अनुभवल्या होत्या. त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांची सोय व्हावी म्हणून सकाळचे वर्ग ठेवण्यात आले. ज्यांना वर्गात बसणे शक्यच नव्हते, त्यांच्यासाठी मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये पत्रद्वारा शिक्षणाची व्यवस्था केली.

शिकण्यापेक्षाही राहण्याचा प्रश्न येथे बिकट आहे. गिरणगावात एकेका गावाच्या नावाने भाड्याने घेतलेल्या खोल्या असत. चाकरमानी पाळीपाळीने तेथे झोपत आणि खानावळीत जेवत. शिकावयास आलेला गावचा मुलगाही त्याच खोलीत आपली वळकटी टाकी. घरात जागा नाही म्हणून रस्त्यावरील दिव्याखाली अभ्यास करणे ही येथे दंतकथा नव्हे. वरळीच्या सुदाम काळू अहिरे मार्गाला लोक 'अभ्यास गल्ली' म्हणतात, कारण जवळपासच्या चाळींतील मुलांनी पिढ्यान् पिढ्या तेथे बसून परीक्षांची तयारी केली आहे. आज गिरण्या बंद झाल्या, गावाच्या खोल्या विरळ झाल्या. भाडी मात्र वाढली. दूरच्या उपनगरात राहून लोकलच्या गर्दीत रोजचे कित्येक तास घालविणे अनेक विद्यार्थ्यांच्या वाट्यास येते.

दाखला वेळेवर मिळणे

अशा परिस्थितीत शासकीय वसतिगृह, शिष्यवृत्ती व शुल्कसवलत यांवरच अनेकांचे शिक्षण अवलंबून असते. आर्थिकदृष्ट्या मागास विद्यार्थ्यांना शुल्कसवलत देण्याची योजना राज्यात १९५९ पासून आली. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, तर आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत असलेल्या कुटुंबांतील पात्र मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी संपूर्ण शुल्कमाफी देण्याचा निर्णय २०२४ मध्ये घेण्यात आला.

तथापि, योजना कितीही चांगली असली तरी तिचे दार कागदांनीच उघडते. उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून, जातीचा दाखला उपविभागीय अधिकाऱ्यांकडून आणि वैधता प्रमाणपत्र पडताळणी समितीकडून मिळवावे लागते. या सर्वांचे मूळ मात्र गावातच असते. शाळेच्या जुन्या नोंदवहीतील जातीची नोंद, शाळा सोडल्याच्या दाखल्यातील जन्मतारीख, ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदवहीतील नाव यांत एका अक्षराचा फरक पडला, तरी प्रकरण परत येते. प्रवेशाची फेरी मात्र कोणासाठी थांबत नाही. ती संपली की गुणांवर मिळविलेली जागा हातची जाते आणि त्या मुलाचे एक वर्ष वाया जाते. गरीब घरातील मुलीच्या बाबतीत ते एक वर्ष पुष्कळदा कायमचेच ठरते.

म्हणून या कामाचा आरंभ बारावीच्या निकालानंतर नव्हे, तर त्याच्या वर्षभर आधी व्हावयास हवा. मुख्याध्यापकांनी विद्यार्थ्यांच्या नोंदी शाळेतच ताडून पाहाव्यात. ग्रामसभेत शिष्यवृत्तीच्या योजना वाचून दाखवाव्यात. अर्ज आता संगणकाद्वारे करावयाचे असल्याने ज्या घरी ते साधन नाही, तेथे ग्रामपंचायत कार्यालयाने साहाय्य द्यावे. महसूल कार्यालयांनी विद्यार्थ्यांची प्रकरणे निराळी काढून प्रथम निकालात काढावीत. यांपैकी कोणत्याही गोष्टीस नवा निधी लागत नाही.

मुंबईच्या विद्यापीठाने रानडे व भांडारकर यांच्यापासून आजवर अनेक पिढ्या घडविल्या. त्यात देणगीदारांचा वाटा होता, प्राध्यापकांचा होता आणि दिव्याखाली बसणाऱ्या मुलांच्या जिद्दीचाही होता. पुढील पिढीतील एखादा विद्यार्थी त्या नगरीत पोहोचतो की तालुक्याच्या कचेरीतच अडतो, हे मात्र बऱ्याच अंशी त्याच्या गावावर आणि तालुक्यावर अवलंबून आहे.