हंगेरीतील शिकार पर्यटन व शिकारक्षेत्रांची व्यवस्था

प्रस्तावना

भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ‘शिकार’ हा शब्द प्रामुख्याने गुन्ह्याच्या संदर्भात उच्चारला जातो. मध्य युरोपातील हंगेरीत मात्र शिकार हा भूमीच्या वापराचा एक कायदेशीर प्रकार आहे. सुमारे 93 हजार चौरस किलोमीटरच्या या देशाचा केवळ एक पंचमांश भाग वनाच्छादित आहे. तरीही गावठाणे व तत्सम जागा वगळता बहुतेक भूभाग कोणत्या ना कोणत्या शिकारक्षेत्रात मोडतो. शिकारीच्या उत्पन्नामुळेच वन्यजीव टिकून राहतात, असा युक्तिवाद या व्यवस्थेच्या समर्थनार्थ नेहमी केला जातो. प्रस्तुत लेखात हे उत्पन्न कोणते प्राणी, किती संख्येने आणि कोणाच्या खर्चाने जोपासते, याचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी व कायदेशीर चौकट

दुसऱ्या महायुद्धापूर्वी येथील उत्तम शिकारक्षेत्रे सरदार घराण्यांच्या जहागिरींत होती. त्या वर्गातील झिग्मोंद सेचेनी हा शिकारी व लेखक 1930 च्या दशकात वाघाच्या शिकारीसाठी भारतात आला होता. त्याच्या प्रवासग्रंथाचे ‘नाहर’ हे नावही येथूनच गेलेले. युद्धानंतर जहागिरी संपुष्टात आल्या आणि शिकारीचा हक्क राज्याकडे गेला. समाजवादी राजवटीने सरदारी शौक म्हणून शिकार बंद केली असेल, अशी कोणाचीही अपेक्षा होईल. प्रत्यक्षात तिला परकीय चलनाची निकड होती. जर्मन, ऑस्ट्रियन व इटालियन पाहुण्यांना ‘मावाड’ या सरकारी कंपनीमार्फत शिकार विकली जाऊ लागली. पक्षप्रमुख यानोश कादार हे स्वतःही शिकारी होते. 1971 साली बुडापेस्ट येथे जागतिक शिकार प्रदर्शन भरले, तेव्हा हा व्यवसाय चांगलाच रुजलेला होता.

राजवट बदलल्यानंतर 1996 च्या कायद्याने नवी घडी बसवली. तिचे सूत्र लक्षात घेण्याजोगे आहे. जिवंत वन्य प्राणी राज्याच्या मालकीचा, शिकारीचा हक्क मात्र जमीनमालकाचा. क्षेत्र किमान 3000 हेक्टर असावे लागते. साहजिकच सामान्य शेतकऱ्याला हा हक्क एकट्याने वापरता येत नाही. मालकांची सभा तो संयुक्तपणे वापरते किंवा शिकारी संघटनेस भाडेपट्ट्याने देते. याशिवाय सरकारी वनकंपन्या मोठी क्षेत्रे स्वतः चालवतात. डॅन्यूबच्या पूरमैदानातील गेमेंत्स हे जंगल लाल हरणांसाठी, तर एके काळी एस्टरहाझी घराण्याच्या ताब्यात असलेले ग्युलाय हे फॅलो जातीच्या हरणांसाठी ख्यातनाम आहे. गेमेंत्स 1996 पासून राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि तेथे शिकारही चालते.

शिंगांचे अर्थकारण

लाल हरणाच्या नरांचा माज सप्टेंबरात असतो. त्यांच्या डरकाळ्यांनी जंगल घुमू लागले की पाहुण्यांचा मुख्य हंगाम सुरू होतो. मार्गदर्शक पाहुण्यास मचाणावर बसवतो किंवा दबकत प्राण्याच्या माऱ्यात नेऊन पोहोचवतो. नराचे वय व शिंगांचा अंदाज घेऊन बार टाकावा की नाही, हे तोच सांगतो. शिंगे कवटीसह उकळून स्वच्छ केली जातात, त्यांचे वजन होते आणि दरपत्रकानुसार किंमत ठरते. वजनाच्या वरच्या टप्प्यांत दर झपाट्याने चढतो. जखमी होऊन हाती न लागलेल्या प्राण्याचेही पैसे द्यावे लागतात. या अटीमुळे बेफिकीर नेमबाजीला थोडा लगाम बसतो. मारलेल्या प्राण्याच्या मुखात एक हिरवी डहाळी ठेवतात व दुसरी शिकाऱ्याच्या टोपीत खोवतात. हिवाळ्यात रानडुकरांसाठी हाका घालतात, तो प्रकार निराळा.

नराची शिंगे साधारणतः दहा-बारा वर्षांच्या वयात भरास येतात. म्हणजे उमद्या तरुण नराला बरीच वर्षे राखणे क्षेत्रधारकाच्या हिताचे ठरते. शिंगांची अधिकृत तपासणी सक्तीची असल्याने अवेळी मारलेला नर लपत नाही. समर्थकांच्या युक्तिवादातील हा भाग मला मान्य आहे. परंतु मादीला शिंगे नसतात. तिच्यासाठी पाहुणा फारसे मोजत नाही, आणि कळपाची वाढ तर माद्यांच्या संख्येवर अवलंबून असते. लांडगा व लिंक्स अत्यंत विरळ असल्याने निसर्गाकडूनही ही संख्या आवरली जात नाही. वार्षिक आराखड्यात माद्यांचे उद्दिष्ट असते. ते पुरे करण्यातून मिळते ते मुख्यतः मांसाचे पैसे. लाल हरणांची संख्या 1960 च्या दशकाच्या तुलनेत आज कित्येक पटींनी वाढली आहे, त्याच्या कारणांत हा असमतोल महत्त्वाचा मानावा लागतो. मूफ्लॉन ही रानमेंढी तर मुळात येथील नव्हेच. शिकारीसाठी ती एकोणिसाव्या शतकात आणून सोडण्यात आली.

भार कोणावर?

उन्हाळ्यात मक्याची उंच शेते हरणांना व रानडुकरांना आडोसा आणि चारा दोन्ही पुरवतात. जंगलात ओकची कोवळी रोपे खुडली जात असल्याने नव्या लागवडीला कुंपण घालावे लागते. पिकांच्या नुकसानीची भरपाई शिकारहक्कधारकाने द्यावी, असे कायदा सांगतो. वाद होतो तो नुकसानीच्या मोजमापावर आणि शेतकऱ्याने स्वतः काय खबरदारी घेतली यावर. एप्रिल 2018 मध्ये हेवेश परगण्यातील रानडुकरांत आफ्रिकन स्वाइन फीव्हर आढळला आणि गणित आणखी बिघडले. हा रोग माणसाला होत नाही, पण पाळीव डुकरांसाठी तो घातक आहे. त्यामुळे ज्या प्राण्याची संख्या हाक्यासाठी राखली जात होती, तीच घटवणे सरकारी धोरण झाले.

या साऱ्यात छोट्या जमीनधारकाचा आवाज क्षीण आहे. मालकांच्या सभेत मतांचे वजन जमिनीच्या क्षेत्रफळानुसार ठरते. दोन-चार हेक्टरवाल्याच्या मक्यात हरणे चरतात, परंतु क्षेत्र कोणाला द्यावे, हे मोठे मालक ठरवतात. पूर्वी दर दहा वर्षांनी ही रचना नव्याने मांडली जात असे. आता हा काळ वीस वर्षांचा आहे. 2017 साली आखलेल्या सीमा 2037 पर्यंत राहतील. तोवर त्याच्या हाती उरतो तो नुकसानभरपाईचा अर्ज आणि भाडेपट्ट्याच्या रकमेतील किरकोळ वाटा.