आभासी यंत्र हलत नाही तेव्हा

एका मोठ्या संगणकावर अनेक आभासी यंत्रे एकाच वेळी चालविता येतात. मूळ संगणक दुरुस्तीसाठी बंद करावयाचा झाल्यास ती न थांबविता दुसऱ्या संगणकावर नेण्याची युक्ती आहे. यंत्र चालू असतानाच त्याची स्मृती पानापानाने पलीकडे उतरवितात. दरम्यान बदललेली पाने पुन्हा उतरवितात. अखेरच्या थोड्या पानांसाठी मात्र यंत्र क्षणभर थांबवितात. २००५ मध्ये केंब्रिज व कोपनहेगन येथील संशोधकांनी क्वेक ३ या खेळाचे चालते सेवायंत्र असे हलविले, तेव्हा तो क्षण अवघा ६० सहस्रांश सेकंदांचा भरला.

परंतु प्रत्येक यंत्र असे हलत नाही. त्याची साठवण त्याच संगणकातील डिस्कवर असेल, किंवा आलेखकार्ड त्यास थेट जोडलेले असेल, तर ते जागीच खिळते. स्मृतीतील पाने जाळ्याच्या वेगाहून भराभर बदलत असतील, तर उतरविणे संपतच नाही.

कुबव्हर्ट या प्रणालीत यंत्राच्या स्थितिपत्रकात 'स्थलांतर अशक्य' ही नोंद कारणासह होते. तरीही मालकाने 'रिकामे करताना स्थलांतर करावे' असे लिहून ठेवले असेल, तर मोठाच पेच पडतो: यंत्र हलत नाही, आणि संगणकही रिकामा होत नाही. म्हणून अशा यंत्राविषयी व्यवस्थापकास इशारा देण्याची योजना तेथे आहे. ती उत्तमच, पण स्थानिक डिस्क निवडणारा असतो वापरकर्ता, आणि स्थितिपत्रक उघडून पाहण्याची सवय थोड्यांनाच. यंत्र निर्माण करतेवेळीच त्यास हे सांगितले, तर सामायिक साठवण निवडावयास त्याच्या हाती वेळ असतो. दुरुस्तीच्या दिवशी तो नसतो.